कल्पित जगातील दोन धर्म आणि त्यांची भाऊबंदकी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वृत्तपत्राच्या साहित्यविषयक पानांवर गेल्या काही आठवड्यांत कल्पित विश्वांतील कादंबऱ्यांविषयी जी चर्चा चालली आहे, ती मी आस्थेने वाचत आहे. अशा जगांचे नकाशे, राजवंश, भाषा आणि युद्धे यांविषयी त्या चर्चेत पुष्कळ लिहिले गेले. धर्माविषयी मात्र एकच मत पुन्हा पुन्हा मांडले गेले. लेखकाने आपल्या जगात दोन धर्म आणले तर त्यांची दैवते, आचार आणि नीती एकमेकांच्या नेमक्या विरुद्ध असावीत, म्हणजे संघर्ष ठसठशीत होतो आणि वाचकाचा गोंधळ उडत नाही, असे ते मत आहे. एक धर्म प्रकाशाचा आणि दुसरा अंधाराचा, एक दयेचा आणि दुसरा रक्ताचा, अशी ती मांडणी असते. मला हा सल्ला मुळातच चुकीचा वाटतो, आणि नव्याने लिहू लागलेली पुष्कळ मंडळी तो शिरोधार्य मानतील अशी भीती वाटते, म्हणून हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहे.

बांधावरचे भांडण दूरच्या गावाशी होत नाही. ते ज्याचे शेत आपल्या शेताला लागून आहे त्याच्याशीच होते, आणि बहुतेक वेळा तो आपला चुलतभाऊच असतो. धर्मांचेही तसेच आहे. जगाच्या इतिहासात सर्वांत दीर्घ, सर्वांत कडवट आणि सर्वांत बारकाव्याचे वाद ज्यांच्यात झाले, त्यांच्याजवळ बहुधा एकच ग्रंथ होता, एकच पूर्वज होता, एकच पवित्र स्थान होते आणि ते कोणाचे हाच प्रश्न होता. ज्याचे आपल्याशी काहीच साम्य नाही, त्याच्या देवाविषयी माणूस उदासीन राहू शकतो. पण जो आपलीच प्रार्थना वेगळ्या शेवटाने म्हणतो, त्याच्याविषयी उदासीन राहणे फार कठीण असते.

याचे सर्वांत जुने आणि आपल्या भाषेच्या अगदी जवळचे उदाहरण ऋग्वेद आणि अवेस्ता, म्हणजे पारशांचा प्राचीन इराणी धर्मग्रंथ, यांचे आहे. दोन्हींची भाषा इतकी निकटची आहे की, ठरावीक ध्वनिबदल लक्षात घेतले तर अवेस्तातील काही ओळींचे शब्दागणिक संस्कृत रूप करता येते. सोम आणि हओम, यज्ञ आणि यस्न, मित्र आणि मिथ्र, ‘होता’ (यज्ञातील ऋत्विज) आणि झओतर हे शब्द एकाच घरातून वाटणीत आलेल्या भांड्यांसारखे आहेत. पण ‘देव’ आणि ‘असुर’ या दोन शब्दांचे काय झाले ते पाहावे. ऋग्वेदात वरुणासारख्या थोर दैवतांना ‘असुर’ म्हटले आहे आणि तेथे तो गौरवाचा शब्द आहे; पुढच्या वाङ्मयात मात्र असुर हे देवांचे शत्रू झाले. इराणी बाजूला तोच शब्द ‘अहुर’ होऊन सर्वोच्च स्थानी, अहुर मझ्दाच्या नावात, जाऊन बसला, आणि ‘दएव’ म्हणजे आपला ‘देव’ हा शब्द मात्र दुष्ट शक्तींचा वाचक झाला. जरथुष्ट्री श्रद्धेची जी प्रतिज्ञा आहे, तिचा आरंभच दएवांच्या धिक्काराने होतो. इंद्राचे नाव तेथे दएवांच्या यादीत सापडते. पण ‘वृत्रहन्’ हे जे इंद्राचे विशेषण, त्याच्याशी जुळणारे ‘वेरेथ्रघ्न’ हे नाव पूज्य दैवताचे आहे. नाव नाकारले गेले आणि त्याचे विशेषण मात्र जपून ठेवले गेले. हे कोणत्या क्रमाने आणि कशामुळे घडले याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. पण कादंबरी लिहिणाऱ्याला यातून जो धडा मिळतो तो पुरेसा स्पष्ट आहे. एकाच शब्दाचा अर्थ एका घरात वर चढतो आणि दुसऱ्या घरात खाली उतरतो, हे ज्या कल्पित जगात घडलेले दिसते, त्या जगाला खरोखरच भूतकाळ होता असा विश्वास वाचकाला वाटू लागतो.

दुसरे उदाहरण शोमरोनी लोकांचे, ज्यांना इंग्रजीवरून समॅरिटन म्हटले जाते. आज त्यांची संख्या हजाराच्याही आत आहे. ते मोशेचे पाच ग्रंथ मानतात आणि यहुदीही तेच पाच ग्रंथ मानतात. त्यांतील ‘अनुवाद’ नावाच्या पाचव्या ग्रंथात परमेश्वराच्या उपासनेच्या जागेचा उल्लेख वारंवार येतो. यहुदी पाठात ती ‘परमेश्वर निवडील ती जागा’ आहे, तर शोमरोनी पाठात ‘परमेश्वराने निवडलेली जागा’ आहे. हिब्रू लिपीत हा फरक एका अक्षराचा, आणि तेही सर्वांत छोट्या अक्षराचा आहे. पहिल्या पाठाप्रमाणे जागा पुढे निवडली जायची आहे, म्हणून ती यरुशलेम असू शकते. दुसऱ्या पाठाप्रमाणे ती आधीच ठरली आहे, म्हणून ती गरिज्जीम पर्वतच असली पाहिजे. काही अभ्यासक तर या ठिकाणी शोमरोनी पाठच अधिक जुना मानतात. या दोन समाजांच्या उगमकथाही पाहण्यासारख्या आहेत. यहुदी परंपरेनुसार शोमरोनी हे बाहेरून आणून वसवलेल्या लोकांचे वंशज आहेत. शोमरोनी परंपरेनुसार एली नावाच्या याजकाने मूळ उपासनास्थान सोडून शिलो येथे वेगळे मांडले, म्हणजे फुटून गेले ते इतर, आम्ही होतो तेथेच आहोत. ‘आम्ही राखणारे आहोत’ असाच अर्थ ते आपल्या नावाचा सांगतात.

याच जागी कल्पित विश्वांच्या बहुतेक लेखकांचे पाऊल चुकते असे मला दिसते. ते एका धर्माला ‘जुना’ आणि दुसऱ्याला ‘नवा’ ठरवून मोकळे होतात. जुना म्हणजे मूळ झाड आणि नवा म्हणजे फांदी. मीही पूर्वी असेच समजत होतो. ख्रिस्ती धर्म यहुदी धर्मातून निघाला, म्हणून यहुदी धर्म ही आई आणि ख्रिस्ती धर्म ही लेक, हे मला इतके उघड वाटत होते की त्यावर कधी विचारच केला नव्हता. पण यरुशलेमचे मंदिर इसवी सन 70 मध्ये रोमनांनी उद्ध्वस्त केल्यावर तेथील बलिदानाची उपासना बंद पडली. त्यानंतर जो यहुदी धर्म रब्बींच्या, म्हणजे यहुदी धर्मपंडितांच्या, अभ्यासगृहांतून उभा राहिला, ज्याची मिश्ना ही संहिता सुमारे इसवी सन 200 मध्ये सिद्ध झाली, तो त्या मंदिराच्या काळातील धर्माचे जसेच्या तसे रूप नव्हता. मंदिर गेल्यावर काय करायचे या प्रश्नाला दोन लेकरांनी दोन उत्तरे दिली. म्हणून आता अनेक अभ्यासक या दोघांना आई आणि लेक न म्हणता भावंडे म्हणतात. हे लक्षात आले तेव्हा माझ्या मनातील सारी मांडणी हलली, कारण भावंडांचे नाते मांडायचे तर जी आई आता हयात नाही तिचाही विचार करावा लागतो. वाटणी झाली ती तिच्या घराची, आणि दोघेही म्हणतात की तिचे खरे बोलणे आम्हालाच आठवते.

मी स्वतः काही वर्षांपासून अशा एका जगाची जुळवाजुळव करीत आहे, आणि वरील विचार मला त्या कामातच सुचले, म्हणून त्याविषयी थोडे लिहिण्याची मुभा घेतो. या जगात एका मोठ्या नदीच्या दोन्ही तीरांवर राहणारे लोक एका नावाडिणीला मानतात. महापुरात तिने माणसे पलीकडे नेली, आणि नाव वल्हवताना ती जे बोलत गेली ते लोकांनी पाठ केले. त्या पाठाची शेवटची ओळ अशी आहे: ‘नदी ज्याला पार नेते, तो ती.’ एवढे बोलून नावाडीण थांबली आणि तिने प्राण सोडला. आता प्रश्न असा की, ते वाक्य संपले होते की नव्हते? एका अर्थाने ते पूर्ण आहे: नदी ज्याला पार नेते तो नदीच होतो, तो म्हणजेच ती. दुसऱ्या अर्थाने ते अर्धवट आहे: तो ती… ती काय? ती वाट, ती भूक, ती नाव, की ती जबाबदारी? पुढचे नाम तिच्या ओठांवर यायचे राहून गेले. आपल्या भाषेच्या व्याकरणाने ही सोय करून दिली म्हणून मी तिचा ऋणी आहे; क्रियापदाशिवाय वाक्य पुरे होऊ शकते आणि ‘ती’ हे सर्वनामही असते व दर्शक विशेषणही असते, या एवढ्याच गोष्टीवर माझ्या जगातील दोन धर्म उभे आहेत.

वाक्य पूर्ण मानणारे लोक पाठ संपताच घंटा वाजवतात. वाक्य अपूर्ण मानणारे पाठ संपल्यावर एक श्वासभर स्तब्ध राहतात, कारण राहिलेला शब्द त्या स्तब्धतेत आहे, आणि प्रत्येक पिढीने आपला शब्द तेथे ठेवून पाहायचा आहे. इतर लोक त्यांना पूर्णी आणि शेषी म्हणतात. पण ही दोन्ही नावे एकमेकांनी एकमेकांना दिलेली आहेत. स्वतःला मात्र दोघेही ‘श्रोते’ म्हणजे ऐकणारे असेच म्हणवतात. हा तपशील मी मुद्दाम ठेवला, कारण धर्मांची नावे पुष्कळदा दुसऱ्याने ठेवलेली असतात. बौद्धांतील ‘हीनयान’, म्हणजे हलका मार्ग, हे नाव त्या मार्गाने जाणाऱ्यांनी स्वतःसाठी निवडलेले नव्हते. ज्या कादंबरीत प्रत्येक पंथ स्वतःची ओळख परक्याने दिलेल्या नावाने करून देतो, तेथे लेखकाने त्या पंथात बसून कधी पाहिलेले नाही हे लगेच कळते.

मग शब्दांचे अर्थ हळूहळू फाटत जातात. शेषींच्या घरात ‘शेष’ म्हणजे जे उरले आहे, जे अजून यायचे आहे, म्हणून पवित्र. पूर्णींच्या घरात ‘शेष’ म्हणजे ताटात उरलेले, उष्टे. पूर्णींच्या घरात ‘पूर्ण’ हा आशीर्वाद आहे. शेषींच्या घरात एखादा ‘पूर्ण झाला’ म्हणजे तो वारला, आता त्याला नवे काही ऐकू येणार नाही. दोन्ही घरांतील मुले हे शब्द सहज, कोणताही द्वेष मनात न ठेवता वापरतात आणि बाजारात एकमेकांसमोर आली की त्याच शब्दांनी दुखावली जातात. मला वाटते, धर्माधर्मांतील तेढ दाखवण्यासाठी युद्धाच्या प्रसंगापेक्षा असा एखादा शब्द अधिक उपयोगी पडतो.

परंतु मतभेद आहे म्हणून फूट पडते, असे मात्र नाही. ही गोष्ट मला इतिहास वाचून फार उशिरा कळली, आणि तीच या पत्रात मला सर्वांत आग्रहाने सांगायची आहे. इत्सिंग हा चिनी भिक्षू सातव्या शतकाच्या उत्तरार्धात नालंदा येथे राहिला होता. त्याने लिहून ठेवले आहे की, महायान आणि हीनयान या दोन्ही मार्गांचे भिक्षू एकाच विनयाचे, म्हणजे भिक्षूंच्या आचारसंहितेचे, नियम पाळतात. जे बोधिसत्त्वांची उपासना करतात आणि महायानसूत्रे वाचतात ते महायानी, जे तसे करीत नाहीत ते हीनयानी. तत्त्वज्ञानात एवढे अंतर असूनही आचाराचा नियम एक असू शकतो, हे त्याच्या नोंदीवरून दिसते. याउलट सतराव्या शतकातील रशियात काय झाले ते पाहावे. तेथील प्रमुख धर्मगुरू (पेट्रिआर्क) निकोन याने रशियन चर्चचे ग्रंथ आणि विधी तत्कालीन ग्रीक प्रघाताशी जुळवून घेण्याचे ठरवले. क्रुसाची खूण दोन बोटांनी करीत होते ती तीन बोटांनी करावी, ‘आलेलुया’ दोनदा म्हणत होते ते तीनदा म्हणावे, आणि येशूच्या नावाच्या लेखनात एक अक्षर वाढवावे, असे ते बदल होते. तत्त्वाचा फरक जवळजवळ नाही. तरीही 1666-67 च्या धर्मसभेने जुन्या रीतीला चिकटून राहणाऱ्यांना बहिष्कृत केले, 1682 मध्ये त्यांचा नेता अव्वाकुम याला जिवंत जाळण्यात आले, आणि जुन्या विधींवरील ते शापवचन मॉस्कोच्या चर्चने मागे घेतले ते थेट 1971 मध्ये. पुढे इतिहासकारांनी दाखवले की, ग्रीकांचा जो प्रघात प्राचीन समजून रशियावर लादला गेला, त्यातील काही भाग मागाहून बदललेला होता आणि दोन बोटांची रीतच जुनी होती. म्हणजे ज्यांना हट्टी ठरवून जाळले, त्यांच्या हातात निदान त्या एका बाबतीत जुनी ठेव सुरक्षित होती. हे वाचताना मला आजही अस्वस्थ होते.

या दोन प्रसंगांतील फरक कशात आहे? माझ्या समजुतीप्रमाणे तो सत्तेच्या मागणीत आहे. जोवर कोणी ‘एकच उत्तर द्या’ असे दरडावून विचारत नाही, तोवर दोन उत्तरे एका छपराखाली राहू शकतात. जेव्हा राज्याला एकच ग्रंथ, एकच शपथ आणि एकच तिथी हवी असते, तेव्हा त्याच दोन उत्तरांचे दोन धर्म होतात. म्हणून माझ्या जगात नावाडिणीच्या मृत्यूनंतर काही पिढ्या घंटा आणि स्तब्धता एकाच मंदिरात नांदतात. आधी श्वासभर शांतता, मग घंटा, आणि त्यात कोणालाही काही विपरीत वाटत नाही. फूट पडते ती न्यायालयात. साक्षीदाराने शपथ म्हणून शेवटची ओळ उच्चारली, तो नंतर गप्प राहिला, आणि प्रतिपक्षाच्या वकिलाने आक्षेप घेतला की शपथ पुरी झालेलीच नाही. प्रश्न एका जमिनीचा होता. न्यायाधीशाला निकाल देणे भाग होते, आणि तो निकाल देताना त्याला नकळत वाक्य संपले होते की नव्हते याचाही निकाल द्यावा लागला.

शपथेचा हा प्रसंग मला सुचला तो एका खऱ्या हकिगतीवरून. अँटिऑक येथील धर्मोपदेशक योहान क्रिसोस्टोम याने 386-87 मध्ये काही अत्यंत कठोर प्रवचने दिली. त्यांतील यहुद्यांविषयीची भाषा विखारी आहे आणि पुढील शतकांत तिने फार अनर्थ केला. परंतु ती प्रवचने कोणाला उद्देशून होती, हे पाहिले तर चित्र वेगळे दिसते. ती होती स्वतःच्याच चर्चमधील माणसांसाठी, कारण ती माणसे यहुदी सणांना जात होती, त्यांचे उपवास पाळत होती, आणि सिनेगॉगमध्ये, म्हणजे यहुदी प्रार्थनागृहात, घेतलेली शपथ अधिक धाक असलेली मानत होती. एका ख्रिस्ती स्त्रीला दुसरा एक ख्रिस्ती माणूस व्यवहारातील शपथेसाठी बळजबरीने तेथे नेत असल्याचा प्रसंग त्याने स्वतः सांगितला आहे. म्हणजे येशूनंतर साडेतीनशे वर्षे उलटली, निकाया येथील ख्रिस्ती धर्मगुरूंच्या परिषदेने 325 मध्ये पुनरुत्थानाचा सण यहुदी गणनेवर अवलंबून ठेवायचा नाही असे ठरवले, तरीही सामान्य माणसाच्या मनात ती सीमारेषा उमटलेली नव्हती. धर्मगुरूंच्या ग्रंथांत भिंत आधी बांधली जाते. गल्लीत ती बांधली जायला शतके लागतात. पण कल्पित जगांतील शेतकरी, विणकर आणि सुईणी मला नेहमी धर्मगुरूंइतक्याच निःशंक आणि पक्क्या भेटतात, ते का हे मला समजत नाही. माझ्या नदीकाठच्या बायका लेकराला ताप आला की घंटाही वाजवतात आणि श्वासही रोखून धरतात. त्या दोन्ही धर्मांच्या आहेत असे त्यांना सांगितले तर त्यांना ते कळणारही नाही.

निकायाच्या निर्णयात आणखी एक गोष्ट आहे, ती सांगून पुढे जातो. एकदा वेगळे झाल्यावर भावंडे एकमेकांकडे पाहून बदलत राहतात. ‘तो असे करतो, म्हणून आपण तसे करायचे नाही’ हे अनेक आचारांचे खरे मूळ असते, आणि पुढे त्याला शास्त्रार्थाचे रूप दिले जाते. माझ्या जगातील पूर्णींकडे पूर्वी भाष्यकारांची मोठी परंपरा होती. फुटीनंतर भाष्य करणे म्हणजे वाक्यात भर घालणे असे वाटू लागले आणि ती परंपरा आटली. शेषींकडे पूर्वी अक्षर न अक्षर मोजून पाठ जपणारे लोक होते. फुटीनंतर अक्षरे मोजणे हे पूर्णींचे लक्षण ठरले आणि शेषींचा पाठ सैल होत गेला. दोघांनीही आपल्याजवळची अर्धी ठेव केवळ दुसऱ्यासारखे दिसू नये म्हणून टाकून दिली. हे प्रकरण लिहिताना मला सर्वाधिक वेळ लागला, कारण येथे खलनायक कोणीच नाही.

तरीही काही गोष्टी वाटल्या जात नाहीत, त्या सामाईकच राहतात, आणि त्याही दाखवायला हव्यात. जैनांचे दिगंबर आणि श्वेतांबर हे दोन्ही संप्रदाय तत्त्वार्थसूत्र मानतात. एका परंपरेत त्याचा कर्ता उमास्वाती म्हणून ओळखला जातो आणि दुसरीत उमास्वामी म्हणून. एकीच्या पाठात 344 सूत्रे आहेत आणि दुसरीच्या पाठात 357. एकोणिसावे तीर्थंकर मल्ली हे श्वेतांबरांच्या मते स्त्री होते, दिगंबरांच्या मते पुरुष होते, आणि त्या एका प्रश्नात स्त्रीदेहाने मोक्ष मिळू शकतो की नाही हा केवढा तरी मोठा विषय सामावलेला आहे. तरी चोवीस तीर्थंकरांची परंपरा दोघांची एकच आहे. यरुशलेमच्या पवित्र कबरीच्या चर्चमध्ये सहा ख्रिस्ती संप्रदायांचे हक्क आहेत, आणि त्या चर्चची किल्ली व दार उघडण्याचा मान शतकानुशतके दोन मुस्लिम घराण्यांकडे आहे. भाऊबंदकीत घराची किल्ली शेजाऱ्याकडे ठेवावी लागते, त्याचे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही. माझ्या जगात अंत्यविधी हा असा सामाईक राहिलेला भाग आहे. मृताला नदीच्या स्वाधीन करताना पाठाचा फक्त आरंभ म्हणतात. शेवटची ओळ तेथे येतच नाही, त्यामुळे घंटेचा प्रश्न उद्भवत नाही आणि स्तब्धतेचाही नाही. दोन्ही तीरांवरचे लोक एवढ्या एका कामासाठी एका नावेत बसतात.

आपल्या पुरवणीतील चर्चेत एका वाचकाने असेही लिहिले होते की, असे बारकावे वाचकाला कंटाळवाणे होतील आणि कथेची गती मारली जाईल. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. एका अक्षराच्या फरकावर पन्नास पाने शास्त्रार्थ लिहिला तर कोणीही पुस्तक मिटून ठेवील, आणि ते योग्यच होईल. पण शास्त्रार्थ पानावर यायला हवा असे कोठे आहे? पूर्णी घरातील मुलगी शेषी घरात सून म्हणून आली, आणि पहिल्या रात्री पाठ संपल्यावर तिचा हात सवयीने घंटेकडे गेला, तेव्हा घरातील सगळ्यांनी रोखून धरलेला श्वास आणि तिचा हवेत थांबलेला हात, एवढ्यात तो सारा शास्त्रार्थ येऊन जातो. सासूने तिला काय म्हणावे, यावर मी तीन वेळा प्रसंग लिहिला. शेवटी सासू काहीच म्हणत नाही. ती उठते आणि घंटा होती तशीच राहू देऊन तिच्यावर एक फडके टाकते. त्या घरात घंटा मुळात का होती, हे वाचकाने विचारावे अशी माझी इच्छा आहे.

समीक्षकांना माझी एक विनंती आहे, आणि ती आपल्या माध्यमातून त्यांच्यापर्यंत पोहोचावी. कल्पित विश्वातील पुस्तकाचे परीक्षण करताना तेथील दोन धर्म एकमेकांपासून किती वेगळे आहेत हे पाहिले जाते, तसे ते एकमेकांचे काय लागतात हेही पाहिले जावे. दोघांच्या आठवणीत कोणता काळ सामाईक आहे, फुटून कोण गेले याविषयी प्रत्येकाची हकिगत काय आहे, कोणते शब्द दोघांकडे आहेत आणि उलट अर्थाने आहेत, आणि सामान्य माणूस त्या भिंतीवरून किती सहज ये-जा करतो, हे प्रश्न परीक्षणांत विचारले जाऊ लागले तर लिहिणारेही ते स्वतःला विचारू लागतील. लेखकाने मनातून एका बाजूचा पक्ष घेतलेला असेल तर तोही समीक्षकाच्या नजरेतून सुटू नये. पुष्कळ कादंबऱ्यांत दोन धर्म दिसतात, पण खरे काय ते लेखकाला आधीच ठाऊक असते, आणि शेवटच्या प्रकरणात एखादा साक्षात्कार घडवून किंवा जुनी पोथी सापडवून तो एका धर्माला खोटे ठरवतो. प्रत्यक्ष जगात त्या दोघांपैकी कोणालाही ही सोय नसते. शोमरोनी आणि यहुदी दोघांनीही आपापला पाठ खरा मानून पिढ्यानपिढ्या जीव ओतून नकलून ठेवला, आणि मध्यस्थ म्हणून कोणी आकाशातून उतरले नाही.

माझी हस्तलिखित प्रकरणे ज्यांनी वाचली, त्यांतील जवळजवळ प्रत्येकाने मला विचारले की नावाडिणीचे वाक्य खरोखर संपले होते का. निदान तुला तरी माहीत असेलच. नावेतील तो प्रसंग मी ज्या मुलाच्या नजरेतून लिहिला आहे, तो तिच्या पायाशी बसलेला आहे आणि त्याला वाऱ्यामुळे तिचा चेहरा दिसत नाही. त्या ओळीपुढे मी पूर्णविराम द्यावा की न द्यावा, हा मुद्रणाचा प्रश्न आता माझ्यासमोर आहे. तूर्त मी ती ओळ पानाच्या अगदी तळाशी येईल अशी मांडून घेतली आहे, आणि विरामाची जागा कडेला कोरी सोडली आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक वाचक